हणमंतप्पांचा शेवटचा फोटो

उमरगा, १२ जानेवारी २०२५

शिवू,

हणमंतप्पांच्या त्या फोटोला खरोखर काय काय लागलं, ते आज बसून मोजलं. तुझी सव्वीस मिनिटं. भिंतीला टेकवून बसवलेल्या देहाच्या पाठीमागं घालायला एक उशी. खिडकीवरची चादर धरून ठेवायला एक माणूस. मग माझे अडीच तास, कॉम्प्युटरसमोर, मिटलेले डोळे उघडायला. आणि दीड वर्षानं उशिरा निघालेली एक बाब : घरातून एक मुलगी कमी. कागद, फ्रेम, काच हे काय, गिऱ्हाईक भरतंच.

फोन तू घेत नाहीस. माझा नंबर बंद करून ठेवलास. म्हणून पत्र, आणि तेही विरेशच्या हाती. त्याचा ट्रक दर आठवड्याला हैदराबादला जातोच. पोस्टानं आलं असतं तर न फोडता परत केलं असतंस. ज्यानं तुला सायकल शिकवली त्या माणसाला दारातून परत पाठवणं तुला जमायचं नाही, एवढा विचार मी केलाय.

आता कामाचं. १८ फेब्रुवारीला इथल्या कोर्टात तारीख आहे. इरम्मा एका बाजूला, तिचा पुतण्या रुद्रेश दुसऱ्या बाजूला. साक्षीला रुद्रेशनं तुला बोलावलंय, समन्स घरच्या पत्त्यावर आलंय. रुद्रेशचं म्हणणं कागदावर असं आहे : त्याचे काका हणमंतप्पा ९ मे २०२३ ला स्वतः चालत आपल्या स्टुडिओत आले, फोटो काढून घेतला आणि तोच फोटो मृत्युपत्रावर लावला. कापडाचं दुकान आणि राहतं घर पुतण्याला. बायकोला काही नाही. इरम्मा म्हणते, नवरा त्या अख्ख्या महिन्यात अंथरुणावरून उठला नव्हता. २१ मेला ते वारले, हे दोघांनाही मान्य आहे.

रुद्रेशनं आपल्या स्टुडिओची पावती जोडलीय. तारीख ९ मे. सही तुझी. तू म्हणतेस, सही मी केलेली नाही. असेल. पण लग्नसराईत दिवसाला शंभर पावत्या फाटतात, एखादी सही माणसाच्या ध्यानात राहत नाही. म्हणून माझं एवढंच सांगणं की सकाळच्या गाडीनं ये, ‘आठवत नाही’ म्हण आणि संध्याकाळच्या गाडीनं जा. आठवत नाही म्हणणाऱ्याला कुणी काही करत नाही.

तुझी आई गच्चीवर जाऊन तुझ्याशी बोलते. मी जिन्यात असतो. दागिन्यांच्या कंपनीत मार्चपासून तुला मुख्य फोटोग्राफर करणार आहेत, पण तुझ्यावर कोर्टकचेरी नाही असं आधी लिहून द्यावं लागणार, हे मला तिनं सांगितलेलं नाही. मी ऐकलं. चोरून नव्हे, जिना माझाच आहे.

जेवण वेळेवर करत जा.

अप्पा

उमरगा, २६ जानेवारी

शिवू,

विरेश परत आला. म्हणाला, “काका, तिनं उभ्याउभ्याच वाचलं. मला चहा दिला, बिस्कीट दिलं. तुमचं काय विचारलं न्हाय.” मग जरा घुटमळला. मी म्हणालो, बोल की. तर म्हणाला, “निघताना म्हणली, अप्पाला सांग, खरं लिहायचं आसंल तरच कागद नासवा म्हणावं.”

बरं. खरं लिहितो. जमेल तेवढं.

२१ मेला मी तेरला लग्नात अडकलो होतो म्हणून तू एकटी गेलीस. त्या घरात एकटी पोरगी कॅमेरा घेऊन आली म्हणून बायका कुजबुजल्या, आणि मठाच्या स्वामींनी “येऊ द्या तिला” म्हटलं, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. हणमंतप्पांना लिंगायत रीतीप्रमाणे बसवून, कपाळी विभूती लावून, डोक्याला रुमाल बांधून तयार ठेवलं होतं. हनुवटी बांधलेली पट्टी फोटोपुरती सोडायला तूच सांगितलंस. फ्लॅश मारला नाहीस. फोटो मी पाहिला तेव्हा तुला काही बोललो नव्हतो, आज बोलतो : असा फोटो मला आयुष्यात एकदाही जमला नाही. माणूस गेलेला आहे हे दिसत होतं, आणि माणूसही दिसत होता.

त्यावर मी माझं काम केलं. साठवलेल्या डोळ्यांचं फोल्डर उघडलं, त्यातले डोळे बसवले.

ते काम तुला कधी आवडलं नाही. पण त्यावरच घर उभं राहिलं, शिवू. मी हायवेवर ट्रक ड्रायव्हरांचे लायसनचे फोटो काढत होतो, पाठीमागं पडदा म्हणून तुझ्या आजीचं निळं लुगडं. कुणी तरी मयताचा फोटो आणला आणि म्हणाला, डोळे उघडून द्या, भिंतीवर मिटलेल्या डोळ्यांचा बाप बघवत नाही. पहिले डोळे मी बारीक ब्रशनं उघडले. ते घर रडलं आणि दुसऱ्या घरी जाऊन सांगितलं. तीस वर्षं झाली. इथून आपल्या जिल्ह्यातल्या वाशीपर्यंत कुठल्याही घरात जा, बैठकीतल्या फोटोपुढं उभी राहा. मी उघडलेले डोळे आजवर कुणाला ओळखू आलेले नाहीत. बायकोला नाहीत, पोटच्या पोराला नाहीत. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही.

रुद्रेश परवा दुकानात आला होता. नेहमीसारखा हसत. खुर्ची ओढली, म्हणाला, “अण्णा, चहा सांगा की. बिनसाखरेचा सांगू नका, आजून म्हातारा न्हाय झालो.” चहा आला. मग म्हणाला, “पोरगी येणार ना? लई शिकलेली पोरगी, तिला काय सांगायचं. एवढंच म्हणायचं, आठवत न्हाय.”

मी म्हणालो, “मी तेच लिहिलंय तिला.”

“मग झालं. आवंदा बस्त्याला येणाऱ्या समद्यांना तुमचंच कार्ड देतोय, बघताय ना? परवा लोहाऱ्याहून एक घर आलं होतं. दोन पोरींची लग्नं एका मांडवात.”

बघतोय. लग्नाचा बस्ता बांधायला जी घरं त्याच्या, म्हणजे काकांच्याच, दुकानात येतात, त्यांतली निम्मी साड्यांच्या गठ्ठ्यासोबत आपलं कार्ड घेऊन जातात. आपल्या वर्षाची निम्मी लग्नं त्या गादीवरून येतात, हे तुला ठाऊक आहे.

जाताना दारात थांबून म्हणाला, “त्या दिवशीचं कार्ड कुठंय हो, कॅमेऱ्यातलं?”

मी म्हणालो, “एवढ्या दिवसांचं कार्ड कोण ठेवतंय. कधीच कोरं झालं.”

कपाटातली त्याची जागा रिकामी आहे हे तू गेलीस त्या दिवशीच माझ्या लक्षात आलं होतं. तुझ्याकडं असेल तर असू दे. कार्ड चांगलं आहे. उगाच पडू देऊ नकोस, वापरात आण. त्यावर तुझ्या कंपनीचं काही तरी काढ.

अप्पा

उमरगा, ९ फेब्रुवारी

शिवप्रिया,

मागच्या पत्राची शेवटची ओळ तू वाचली असशील तर तसं करू नकोस. कार्ड कोरं करू नकोस. केलं असशील तर तेही कळव, म्हणजे मी त्या हिशोबानं उभा राहीन.

आज रुद्रेश फोटो काढायला आला. व्यापारी मंडळाच्या निवडणुकीला उभा राहतोय, बॅनरसाठी पाहिजे होता. पांढरा सदरा, हात जोडून. मी लाइट हलवत होतो. कॅमेऱ्यामागच्या माणसाला लोक बहिरा समजतात, हे तुला मीच शिकवलं होतं. त्याला वकिलाचा फोन आला आणि तो स्टुलावर बसूनच बोलला, कन्नडमधून, जणू मी उमरग्यात नाही तर मुंबईत जन्मलो. म्हणाला, पोरगी आली तर बरं, आठवत नाही म्हणेल, पावती तशीच उभी राहील. नाहीच आली तरी काळजी नाही. सही तिची आहे. उद्या खोटं निघालं तर पावती देणारी अडकेल, आपण कशाला? आपण तर गिऱ्हाईक.

मग फोन खिशात घातला आणि हात जोडून म्हणाला, “घ्या अण्णा, आता हसू का?”

मी म्हणालो, “हस.” आणि तीन फोटो काढले. माझा हात हलला नाही, शिवू. त्याचंच मला भय वाटलं.

आता ऐक. पावतीवरची सही मी केली.

तुझ्यासारखीच केली, खालच्या रेघेसकट. हणमंतप्पा गेले त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर रुद्रेश आला होता. त्याआधी त्यानं भिंतीच्या फोटोबरोबर पासपोर्टचे आठ मागितले होते, निळ्या पडद्यावर, हार काढून, शर्ट घालून. ते मी दिले होते. आता पावती हवी होती, तारीख त्यांच्या जाण्याआधीची. पहिल्यांदा मी स्वतःला सांगत होतो की मी काही विचारलं नाही. खोटं आहे. मी विचारलं, कशाला? तो म्हणाला, “अण्णा, बँकेला जिवंतपणीचा फोटो लागतो.” गेलेल्या माणसाच्या खात्याला जिवंतपणीचा फोटो कोणती बँक मागते? मला तेव्हाच कळलं. कार्डांचा गठ्ठा त्याच्या गादीवर होता, मी कळू दिलं नाही.

आणि तुझी सही का? ९ मेला मी वाशीला लग्नात होतो. त्या लग्नाच्या व्हिडिओत मीच सात ठिकाणी दिसतो, कुणाच्या तरी मामाला बाजूला सारताना. माझी सही टिकली नसती. स्टुडिओत त्या दिवशी तू एकटी होतीस. एवढा हिशोब मी अर्ध्या मिनिटात केला, आणि पेन तुझ्या नावावर चालवलं. मागल्या दिवाळीत वकिलाचा कागद बघून तू विचारलंस, “अप्पा, ही सही कुणाची?” आणि मी पंख्याकडं बघत म्हणालो, “तुझीच असेल.” त्याच संध्याकाळी तू बॅग भरलीस. तुझ्या आईला मी सांगितलं, पोरीला मोठ्या शहराची ओढ लागली. ती माझ्याशी आता फक्त भाकरी वाढताना बोलते, म्हणजे तिनं ते मानलेलं नाही.

तू इथं येऊन ‘आठवत नाही’ म्हणालीस तर पावती खरी ठरते आणि इरम्माचं घर जातं. आली नाहीस आणि पुढं काही उकललं तर तू अडकतेस. म्हणजे मी तुला जी वाट दाखवली ती दोन्हीकडून बंद होती, आणि मी ती वडीलकीनं दाखवत होतो.

म्हणून तारखेला मी जातोय. इरम्माच्या वकिलांना भेटून आलो. ते म्हणाले, “तुमच्या तोंडच्या शब्दाला किंमत आहे, पण तुम्ही आधी खोटी पावती दिलेले गृहस्थ. मूळ फोटो आहे का?” मी म्हणालो, मुलीकडं आहे. असावा. ते म्हणाले, “असावा म्हणजे?”

कार्डावर तारीख आणि वेळ आहे. २१ मे, सकाळ. हणमंतप्पा बसवलेले, मिटलेले डोळे, मागं बायका. त्यातूनच मी पासपोर्ट कापला हे कुणालाही दिसेल, रुमालाची चुणीसुद्धा तीच आहे, मी फक्त तिच्याखाली शर्ट घातला.

विरेश सोळाला रात्री निघतो, सतराला दुपारी तुझ्याकडं, सतराला रात्री परत. दिलंस तर त्याच्या हाती दे. नाही दिलंस तरी मी बोलणार आहे. पण दे.

विरुपाक्ष

(अप्पा लिहायचं होतं. हात थांबला.)

उमरगा, १९ फेब्रुवारी

शिवू,

काल पहाटे विरेशनं शटर वाजवलं. खिशातून लेन्स पुसायचं पिवळं फडकं काढलं, त्यात कार्ड. म्हणाला, “तिनं बॅगेतनं लगीच काढून दिलं काका. शोधावं लागलं न्हाय.” मी विचारलं, काही म्हणाली? “म्हणली, उघडून बघा आन मग जावा.”

उघडून बघितलं. सगळे होते, एकोणतीस फोटो. दोन नवी कार्डं आणून त्यांवर कॉपी केली आणि कोर्टात गेलो.

शपथ घेताना नाव सांगितलं ते मलाच ऐकू आलं नाही. न्यायाधीश साहेबांनी दोनदा विचारलं. मग रुद्रेशचे वकील उठले. गोड बोलणारा माणूस.

“तीस वर्षं धंदा करता म्हणता. पावतीवरची सही मुलीची की तुमची?”

“माझी. मुलीच्या नावानं मी केली.”

“म्हणजे तुम्ही खोटी सही करता.”

“एकदा केली.”

“आणि आज खरं बोलताय हे कशावरून?”

“आज खोटं बोलून माझा फायदा होता, साहेब. खरं बोलून नुकसान आहे. एवढं कुणालाही मोजता येतं.”

मागं कुणी तरी हसलं. साहेब हसले नाहीत, त्यांनी लिहून घेतलं. मग कार्ड दाखवलं. तुझा फोटो पडद्यावर आला. रुद्रेशच्या चपलेचा आवाज येत होता, तो पाय हलवत होता. मी पासपोर्ट फोटो कसा बनवला ते सांगितलं. कुठला शर्ट, कुठला पडदा, डोळे कुठून आणले. सांगताना मला पहिल्यांदा माझ्या कामाची लाज वाटली.

तुझं : रुद्रेशच्या वकिलांनी तुला साक्षीला बोलवायचं सोडून दिलं, तसं लिहून दिलंय, नक्कल सोबत जोडलीय. वकिलांना विचारून घेतलं, तुझ्यावर कसलीही केस नाही, कंपनीला जे लिहून द्यायचंय ते तू लिहून देऊ शकतेस. माझ्यावर होईल. खोट्या पावतीबद्दल चौकशी लागणार असं ते म्हणाले. स्टुडिओचा कॉम्प्युटर पोलीस घेऊन जातील. तुझे सगळे फोटो वेगळ्या डिस्कवर काढून आईकडं दिलेत, ती काही तुला विचारायची नाही, तूच मागून घे. निकाल लागायचा आहे. रुद्रेशच्या दुकानातलं आपल्या कार्डांचं खोकं काल दुपारीच रस्त्यावर आलं. एका पोरानं आणून दिलं, म्हणाला, मालक म्हणले टाकून ये, पण तुमचं नाव होतं म्हणून आणलं.

एक गोष्ट राहिली. ती लिहायची की नाही हे ठरेना, म्हणून पत्र एक दिवस थांबलं.

कोर्टातून बाहेर आलो तर इरम्मा व्हरांड्यात पायरीवर बसली होती, पिशवी मांडीत घेऊन. म्हणाली, “फोटोवाले, या. पाणी प्या आधी.” मी बाटली घेतली. म्हणालो, “अक्का, माझ्यापायी तुम्हाला एवढं फिरावं लागलं.”

“तुमच्यापायीच तर कळलं मला,” ती म्हणाली.

“काय कळलं?”

“रुद्रेशनं कागद दाखवला. म्हणला, काकानं सोता जाऊन फोटो काढला, बघ. म्या बघितलं. म्हणलं, इवु अवर कण्णल्ल. ह्ये त्येंचे डोळे न्हाईत. त्याच दिशी भाच्याला घिऊन वकिलाकडं गेले. आणि काय लागतंय?”

मी बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणालो, “अक्का, भिंतीवरच्या फोटोत पण तेच डोळे आहेत. तेव्हा बोलला नाहीत.”

“दुखवट्यात काय बोलायचं माणसाला? तुमी एवढं नटवून आणलं हुतं.” ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, “म्या हार जरा वर बांधते. म्हंजी डोळ्यांवर येतोय, ते दिसत न्हाईत. शेजारची सिताबाई बी तसंच करती, तिच्या सासऱ्याच्या फोटोला.”

“सगळ्यांनाच कळतं का हे?”

“अय्यो,” इरम्मा म्हणाली, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, जसा लहान पोराच्या ठेवतात. “घरच्या माणसाचे डोळे घरच्यांना कळणार न्हाईत व्हय?”

घरी आल्यावर मी फोल्डर बघितलं. त्यांच्यासाठी मी ‘पुरुष, सत्तरीचे’ मधले तिसरे घेतले होते. काळेभोर, छान ओलसर. वीस वर्षं मी त्या माणसाच्या गादीसमोर बसून चहा प्यायलो.

हणमंतप्पांचे डोळे घारे होते.